कामठीत हीट पंप: अनुदान छताला, उकाडा खालच्या खोलीला

इंग्लंडमध्ये गॅसचा जुना बॉयलर काढून त्या जागी हीट पंप बसवला, तर सरकार घरमालकाला ७,५०० पौंडांची मदत देतं. आधी ती ५,००० पौंड होती, ऑक्टोबर २०२३ मध्ये वाढवली. जर्मनीत काही घरांना खर्चाच्या ७० टक्क्यांपर्यंत अनुदान मिळतं. अमेरिकेत खर्चाच्या ३० टक्के, पण जास्तीत जास्त २,००० डॉलर, अशी आयकरातली सवलत होती. जुलै २०२५ मधल्या कायद्याने तिची मुदत त्या वर्षाच्या ३१ डिसेंबरला संपवली. तिकडे स्थिरावलेला मुलगा हे सगळं फोनवर कौतुकाने सांगू लागला, तर नागपूरजवळच्या कामठीतले वडील एवढंच विचारतील: घर तापवायला सरकार पैसे देतं? आमचं तर फुकटात तापलेलं आहे. थंड करायला काय देतं ते बोल.

त्या प्रश्नाचं उत्तर शोधायचं, तर आधी यंत्राची ओळख करून घ्यावी लागते, मग कामठीच्या हवेची, मग वीजबिलाची आणि शेवटी सरकारी योजनांची. या चारही गोष्टींची माहिती वेगवेगळ्या लोकांकडे असते. दुकानदार यंत्र सांगतो, सोलरवाला अनुदान सांगतो, वायरमन मीटर सांगतो. घराचा एकत्र विचार कुणीच सांगत नाही.

यंत्राचं गूढ फार नाही. हीट पंप उष्णता तयार करत नाही, ती एका जागेवरून उचलून दुसरीकडे टाकतो. फ्रिज आतली उष्णता मागच्या जाळीतून स्वयंपाकघरात सोडतो, एसी खोलीतली उष्णता बाहेरच्या डब्यातून रस्त्यावर सोडतो. म्हणजे ज्याच्या घरी फ्रिज आहे त्याच्या घरी हीट पंप आहेच. एसीच्या नळ्यांत वायूची दिशा उलटी करणारा एक व्हॉल्व्ह बसवला, की तोच एसी हिवाळ्यात बाहेरच्या गार हवेतली उष्णता ओढून खोलीत आणतो. दुकानात याला ‘हॉट अँड कोल्ड’ एसी म्हणतात. यातली खुबी अशी, की वीज उष्णता वाहण्यासाठी खर्च होते, निर्माण करण्यासाठी नाही. त्यामुळे एका युनिटमध्ये तीन-चार युनिट उष्णता इकडची तिकडे होते. कॉइलचा हीटर मात्र एक युनिट घेऊन एकच युनिट देतो. युरोपने या यंत्रामागे एवढा पैसा ओतला तो या हिशोबासाठी.

कामठीत खोली तापवण्याचा हिशोब मात्र लवकर आटपतो. नागपूरला २९ डिसेंबर २०१८ च्या पहाटे पारा ३.५ अंशांवर उतरला होता, आणि कन्हान नदीकाठच्या कामठीत तर गारठा जरा जास्तच बोचतो. पण अशा रात्री वर्षातून मोजक्या. दुपारी ऊन पडतं, भिंती तापतात, संध्याकाळी स्वेटर, रात्री रजाई किंवा गोधडी, आणि कोपऱ्यावर शेकोटी. एवढ्यासाठी कुणी वेगळा हीट पंप घेऊ नये. एसी घ्यायचाच असेल आणि हॉट अँड कोल्डसाठी थोडेच पैसे जास्त पडत असतील, तर घरात म्हातारं माणूस किंवा तान्हं बाळ असल्यास घ्यावा. नाहीतर ते बटण वर्षातले अकरा महिने धूळ खात बसेल. श्रीनगर, शिमला, लेह इथली गोष्ट वेगळी आहे. तिथे या यंत्राने खोली तापवणं हा खरा प्रश्न आहे आणि त्यावर खरं काम व्हायला हवं.

आंघोळीच्या पाण्याचं थोडं निराळं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी कामठीत गरम पाणी लागतंच. पूर्वी बंब होता किंवा चूल होती, मग बादलीत सोडायचा रॉड आला, मग गिझर. २० लिटरची बादली २० अंशांवरून ४२ अंशांपर्यंत तापवायला सुमारे अर्धा युनिट लागतो. चार माणसांच्या घराला दिवसाला दोन युनिट धरा, चार महिन्यांचे झाले २४०. हीट पंपाचा गिझर हे काम ८० युनिटांत करेल. वाचले १६०. त्यासाठी साध्या गिझरच्या कितीतरी पट किमतीचं यंत्र घेणं परवडत नाही. यंत्र भंगारात जाईपर्यंत पैसे वसूल व्हायचे नाहीत. वसतिगृह, इस्पितळ, लष्करी मेस, मोठं हॉटेल अशा ठिकाणी, जिथे बाराही महिने हजारो लिटर गरम पाणी लागतं, तिथे तेच यंत्र चांगलं फळतं. घरासाठी छतावरचं सौर वॉटर हीटर अजूनही सरळ उपाय आहे. केंद्राचं त्यावरचं अनुदान २०१४ मध्ये बंद झालं. पुण्यासारख्या महापालिका मालमत्ता करात सूट देतात, बंगळुरूत वीजबिलात महिन्याला ५० रुपयांपर्यंत सवलत मिळते. पण छत लहान असेल आणि तिथे विजेचे सोलर पॅनेल लावायचे असतील, तर जागेसाठी दोघांत भांडण लागतं, आणि हल्ली जिंकतात ते पॅनेल, कारण अनुदान त्यांच्या पाठीशी आहे.

आता खरा विषय, उन्हाळा. नागपूरला २३ मे २०१३ रोजी ४७.९ अंशांची नोंद झाली. ३० मे २०२४ ला तर एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले आणि देशभर बातमी झाली. नंतर हवामान खात्याने सेन्सर बिघडल्याचं सांगितलं. गंमत अशी, की तो आकडा ऐकून इकडच्या कुणाला फारसं नवल वाटलं नाही. मे अखेरचा नवतपा सुरू असताना दुपारी दोन वाजता टिनाच्या खोलीत बसलेल्या माणसाला ५६ हा आकडा खोटा वाटणं कठीण आहे.

या उन्हाळ्यावर विदर्भाने शोधलेलं उत्तर म्हणजे कुलर, आणि माझं मत असं, की ते उत्तर आजही कमी लेखलं जातं. त्याची वंशावळ जुनी आहे. इंग्रजांनी १८२१ मध्ये कामठीला छावणी वसवली. त्या काळच्या छावण्यांतले बंगले उंच छताचे, खोल व्हरांड्यांचे असत. दारा-खिडक्यांना वाळ्याच्या ताट्या लावून त्यांवर पाणी मारायला माणूस ठेवलेला असे. पुढे एका मोठ्या लाकडी पेटीत हाताने फिरवायचा पंखा आणि बाजूंना वाळ्याच्या ताट्या, असं थर्मँटिडोट नावाचं धूड आलं. आपल्या पत्र्याच्या कुलरचा तो आजा. पंखा फिरवणाऱ्या माणसाच्या जागी मोटर आली, पाणी मारणाऱ्याच्या जागी पंप आला, वाळ्याच्या जागी लाकडाचं गवत आलं. विज्ञान तेच राहिलं.

एक लिटर पाण्याची वाफ होताना ते हवेतली सुमारे ०.६७ युनिट उष्णता घेऊन जातं. बाहेर ४५ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असेल, तर ओल्या कापडात गुंडाळलेला तापमापक २४ अंशांच्या आसपास थांबतो. चांगलं गवत, नीट भिजलेलं, असेल तर कुलर त्या अंतरातले पाचातले चार हिस्से कापतो, म्हणजे ४५ ची हवा २८ करून आत फेकतो. तेही सुमारे २०० वॉटमध्ये. दीड टनाचा एसी पूर्ण ताकदीने तासाभरात जेवढी उष्णता उपसतो, तेवढी नेण्यासाठी आठ लिटर पाण्याची वाफ पुरते. कामठीत अर्धी-अधिक घरं उन्हाळा काढतात ती खरं तर कन्हानच्या पाण्यावर, विजेवर कमी. अर्थात पाणी फुकट नाही. ज्या मोहल्ल्यात नळ तासभर येतो, तिथे दिवसाला शंभर लिटर कुलरच्या टाकीत ओतणं ही चैन ठरते, आणि बोअरचं जड पाणी वापरलं तर महिन्याभरात गवतावर पांढरे क्षार चढून हवा अडते.

मे महिन्याच्या कोरड्या लूमध्ये कुलर एसीच्या तोडीस तोड चालतो, काही बाबतींत बराही, कारण त्याच्या हवेत ओलावा असतो. पण जूनच्या मध्यावर मान्सून पोचला, की त्याची मात्रा चालत नाही. जुलैत ३१ अंश आणि ८० टक्के आर्द्रता असताना ओल्या कापडाचा तापमापकच २८ दाखवतो. कुलर चालवला तर हवा फार गार न होता खोली तेवढी चिकट होते. म्हणून कामठीच्या घरात एसीची खरी गरज मे महिन्यात नसून पावसाळ्याच्या उघडिपीतल्या त्या घामट रात्रींना असते. लोक एप्रिलमध्ये जाहिरात बघून एसी घेतात, तो मे महिन्यात सगळ्यात वाईट परिस्थितीत चालवतात, आणि जुलैत बिलाच्या भीतीने बंद ठेवतात. उलट करायला हवं.

मे महिन्यातली ती वाईट परिस्थिती म्हणजे काय, तेही पाहू. एसीच्या पाटीवरची क्षमता बाहेर ३५ अंश धरून मोजलेली असते. बाहेर ४६ असताना आणि बाहेरचा डबा पश्चिमेच्या तापलेल्या भिंतीवर किंवा थेट स्लॅबवर ठेवलेला असताना, उष्णता टाकायची तरी कुठे, हा यंत्राला प्रश्न पडतो. क्षमता घटते आणि वीज वाढते. डब्यावर साधी सावली करणं, त्याला चहूबाजूंनी हवा मोकळी ठेवणं, हे मेकॅनिक क्वचित सांगतो. १ जानेवारी २०२० पासून स्टार असलेले घरगुती एसी सुरू होताना २४ अंशांवरच सुरू होतात, असा नियम आहे. त्यावरून १८ वर नेणाऱ्याला खोली लवकर गार होईल असं वाटतं. होत नाही, फक्त यंत्र थांबत नाही. २६ वर ठेवून पंखा चालवला तर झोप तीच आणि बिल कमी. पंख्यावरून आठवलं: जुना पंखा ७५ वॉट घेतो, बीएलडीसी पंखा ३० च्या आसपास. चार पंखे रोज बारा तास चालणाऱ्या घरात महिन्याला ६५ युनिट एवढ्यानेच वाचतात. या सगळ्या आढाव्यात पैशाच्या मानाने सर्वांत फळणारी खरेदी हीच आहे, आणि तिची जाहिरात सर्वांत कमी.

आता बिल. महावितरणला लोक अजून एमएसईबीच म्हणतात, जरी ते मंडळ २००५ मध्ये तुटून त्याच्या कंपन्या झाल्या. घरगुती दराचे टप्पे आहेत: १०० पर्यंत, ३०० पर्यंत, ५०० पर्यंत आणि त्यापुढे. दर बदलत राहतात, पण २०२४-२५ चं पत्रक पाहिलं तरी रचना कळते. पहिल्या १०० युनिटांना ऊर्जा आकार ४.७१ रुपये, पुढच्या २०० ना १०.२९, त्यापुढे ५०० पर्यंत १४.५५, शिवाय प्रत्येक युनिटला १.१७ वहन आकार. स्थिर आकार आणि १६ टक्के वीज शुल्क धरलं, तर १२० युनिटांचं बिल अकराशेच्या घरात जातं आणि ३५० युनिटांचं साडेचार हजारांच्या जवळ. वापर तिपटीपेक्षा कमी वाढला, बिल चौपट झालं. चांगला इन्व्हर्टर एसी रात्री आठ तास चालवला तर मे महिन्यात साधारण २०० युनिट खातो, आणि ते सगळे वरच्या, महागड्या टप्प्यांत पडतात. एसी महाग पडतो तो या पायऱ्यांमुळे. तोच एसी सगळ्यात खालच्या टप्प्याच्या दराने चालला असता तर कुणी तक्रार केली नसती.

आणि इथेच अनुदान दार ठोठावतं. भारत सरकार घराला थंड करणाऱ्या यंत्रावर पैसे देत नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून एसीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला, एवढीच काय ती सूट, आणि तीही ज्याच्या खिशात एसीचे पैसे आहेत त्याला. सरकार पैसे देतं ते छताला. पंतप्रधान सूर्यघर मोफत वीज योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये जाहीर झाली. एक कोटी घरं आणि ७५,०२१ कोटी रुपये असा तिचा पसारा. पहिल्या दोन किलोवॉटना प्रत्येकी ३०,००० रुपये, तिसऱ्याला १८,०००, आणि त्यापुढे कितीही लावा, मिळणार एकूण ७८,०००. गृहनिर्माण संस्थांना सामाईक वापरासाठी किलोवॉटमागे १८,००० आहेत. पॅनेल आणि त्यातले सेल भारतीय बनावटीचे हवेत. पैसे आधी आपण भरायचे किंवा बँकेचं कर्ज घ्यायचं; यंत्रणा बसून, तपासणी होऊन, दोन्ही दिशांनी मोजणारं नेट मीटर लागल्यावर अनुदान बँक खात्यात येतं. हे ‘आधी भरा’ प्रकरण जाहिरातीत बारीक अक्षरात असतं.

महाराष्ट्रात या योजनेत नागपूर जिल्हा सतत पुढे राहिला आहे, आणि त्याचं कारण ऊन एवढंच नाही. इथे स्वतंत्र घरं जास्त, गच्च्या मोकळ्या, आणि उन्हाळ्याचं बिल जीवघेणं. एक किलोवॉटला साधारण १०० चौरस फूट सावलीविरहित जागा लागते आणि तो दिवसाला चार युनिटांच्या आसपास वीज देतो. तीन किलोवॉटचे महिन्याला ३५० युनिट धरा. बाजारात ही यंत्रणा पावणेदोन ते दोन लाखांत बसते, अनुदान वजा जाता एक लाखाच्या थोडं वर आपला खर्च. वर्षाच्या सरासरीने महिन्याला २५० युनिट जाळणारं घर असेल, तर वरच्या दरांनी तीन-चार वर्षांत पैसे सुटतात. पॅनेल पुढे वीस वर्षं चालतात. सोलरवाल्यांचं हे गणित खोटं नाही. फक्त ते ज्या घराला लागू पडतं ते घर आधीच एसीवाल्यांचं आहे.

सोलरवाला न सांगणारी आणखी एक-दोन कलमं. पॅनेलला ऊन हवं असतं, उष्णता नको असते. २५ अंशांच्या वर प्रत्येक अंशाला त्याची क्षमता साधारण ०.३५ ते ०.४ टक्क्यांनी घसरते, आणि मे महिन्यात काळं पॅनेल ६५ अंशांवर जाणं इथे रोजचं आहे. म्हणजे भर दुपारी छापील क्षमतेत सहावा-सातवा हिस्सा घट. स्लॅब आणि पॅनेल यांत वाऱ्याला वाट ठेवली तर ही घट कमी होते आणि खालचा स्लॅबही सावलीत राहतो. ही सावली खालच्या खोलीला मिळणारा फुकटचा फायदा आहे. दुसरं, धूळ. कामठीत ती नुसती धूळ नसते.

कारण कोराडी. शहराच्या पश्चिमेला, याच तालुक्यात, महानिर्मितीचं कोराडी केंद्र उभं आहे, ६६० मेगावॉटचे तीन नवे संच आणि एक जुना २१० चा. जरा पुढे खापरखेडा, १,३४० मेगावॉट. खाली कामठीच्याच नावाने ओळखलं जाणारं कोळशाचं क्षेत्र. एक युनिट वीज करायला अर्ध्या किलोहून जास्त कोळसा जळतो, आणि आपल्या कोळशात तिसरा हिस्सा तरी राख असते. ही राख खसाळ्यासारख्या तलावांत साठवतात. जुलै २०२२ मध्ये खसाळ्याचा बांध फुटला आणि राखेचं पाणी कोलार नदीतून कन्हानपर्यंत गेलं, जिथून नागपूरला पिण्याचं पाणी जातं. कोराडीत आणखी दोन संच बसवण्याच्या प्रस्तावावर मे २०२३ मध्ये जनसुनावणी झाली, तेव्हा विरोध झाला तो याच अनुभवातून. म्हणून कामठीतल्या एसीचा विचार घराच्या दारात थांबत नाही. नेट मीटरने दिवसाचे युनिट रात्रीच्या युनिटांत वळते होतात खरे, पण ते कागदावर. रात्री अकराला चालणारा एसी कोळशावरच चालतो. बिल शून्य झालं म्हणून राख शून्य होत नाही. तरी दुपारी छतावर झालेली वीज शेजारच्या दुकानाला, फ्रिजला, गिरणीला जाते आणि तेवढा कोळसा तेव्हा वाचतो. त्यामुळे मी सोलरच्या बाजूनेच आहे, पण ‘माझा एसी उन्हावर चालतो’ ही फुशारकी मला मान्य नाही. त्या अर्थी उन्हावर चालतो तो दुपारचा कुलर.

नेट मीटरची वर्षअखेर लक्षात ठेवावी. शिल्लक युनिट महिन्यामागून महिना पुढे जातात, पण ३१ मार्चला खातं बंद होतं आणि उरलेल्या युनिटांना मिळतो तो दर आपण भरतो त्याच्या जवळपासही नसतो. कामठीत हिवाळ्यात वापर कमी असतो, शिल्लक साठते, आणि नेमका उन्हाळा सुरू व्हायच्या तोंडावर पाटी कोरी होते. गरजेपेक्षा मोठी यंत्रणा लावणाऱ्याला हे महागात पडतं. एप्रिल-मे चं बिल बघून यंत्रणेचा आकार ठरवू नये, बारा महिन्यांची बेरीज बघावी.

छोट्या घरांसाठी राज्य सरकारने २०२५ मध्ये ‘स्मार्ट’ नावाची जोडयोजना आणली: स्वयंपूर्ण महाराष्ट्र आवासीय रूफटॉप. महिन्याला १०० युनिटांच्या आत वापर असलेल्या घरांना एक किलोवॉट. केंद्राच्या ३०,००० शिवाय दारिद्र्यरेषेखालच्या घराला राज्याचे १७,५००, म्हणजे त्याने भरायचे फक्त २,५००. अनुसूचित जाती-जमातींच्या घरांना १५,०००, इतरांना १०,०००. त्यांचा वाटा अनुक्रमे ५,००० आणि १०,०००. कागदावर याहून उदार योजना शोधून सापडणार नाही. पण निकष पाहा. कुलर दिवसाला १४ तास चालला तर एकट्या कुलरचे महिन्याला ८० च्या वर युनिट होतात. मग ज्या घराचा वापर १०० च्या आत राहतो, ते घर मुळात उकाडा सोसणारं घर असतं. त्याच्या अंगावर पंखा असतो, ओली चादर असते आणि दुपारी कडुलिंबाखालची बाज असते. त्याला विजेची बचत दाखवण्यात अर्थ थोडा. त्याला आधी वीज वापरायची सोय हवी आहे. एक किलोवॉटच्या १२० युनिटांत एक कुलर सुखाने बसतो. योजनेचा खरा उपयोग तोच, आणि जाहिरात व्हायला हवी ती तशी.

अडचण पैशापेक्षा छताची आहे. कामठीच्या जुन्या वस्त्यांत, जिथे विणकर आणि विडी कामगार राहत आले, जिथे बाबू हरदास यांनी विडी कामगारांना संघटित केलं, तिथे कवेलू गेले आणि टिन आलं. कवेलूच्या छतात फटी होत्या, हवा खेळत होती. टिन थेट तापतं आणि उष्णता डोक्यावर सोडतं. टिनावर पॅनेलचा सांगाडा बसवायचा तर आधी टिनाखालचा आधार पक्का हवा. भाडेकरूच्या नावावर छत नाही, बऱ्याचदा मीटरही नाही. एका स्लॅबखाली चार भाऊ राहत असतील तर सहीसाठी चौघे एकत्र यायला हवेत. येरखेडा, रनाळा भागात उभ्या राहिलेल्या फ्लॅट योजनांत गच्ची सगळ्यांची आणि म्हणून कुणाचीच नाही. अनुदान ज्या तऱ्हेच्या घराची कल्पना करून आखलं आहे, तसं घर म्हणजे स्वतःच्या मालकीचं, स्वतःच्या मीटरचं, आरसीसी स्लॅबचं. हे दोष काढणं सोपं आहे हे मला कळतं. पॅनेल हवेत तर लावता येत नाही. पण मग छत नसलेल्याला द्यायचं ते वेगळं काही असलं पाहिजे.

ते वेगळं काही महाग नाही. छताला पांढरा रंग, साधा चुना डिंक किंवा फेव्हिकॉल घालून, किंवा ऊन परतवणारा तयार रंग. अहमदाबादला महिला हाउसिंग ट्रस्टने झोपडपट्ट्यांतल्या टिनांवर हे बरीच वर्षं करून दाखवलं. तेलंगणाने २०२३ मध्ये थंड छतांचं धोरणच आणलं. खोलीत दोन ते पाच अंशांचा फरक पडतो. टिनाच्या खोलीत पाच अंश म्हणजे झोप लागणं आणि न लागणं. टिनाखाली बांबूच्या ताट्यांचं किंवा थर्माकोलचं आतलं छत केलं तर आणखी. आणि ही गोष्ट एसीवाल्यालाही तेवढीच लागू आहे: तापलेल्या स्लॅबखाली एसी लावणं म्हणजे फुटक्या माठात पाणी भरणं. सोलरवाला हे सांगत नाही, कारण त्यात त्याचं काही जात-येत नाही. एसीवाला सांगत नाही, कारण थंड छताखाली दीड टनाऐवजी एक टन पुरेल.

तेव्हा एका घराने क्रम कसा लावावा, याबद्दल माझं मत असं. आधी छत पांढरं आणि पश्चिमेच्या भिंतीला सावली. मग पंखे. मग कुलरची नीट व्यवस्था: दरवर्षी नवं गवत, समोरची खिडकी उघडी, कारण कुलरची हवा बाहेर पडायला वाट नसेल तर खोली दमट होते, आठवड्याला टाकी रिकामी, म्हणजे डेंग्यूचे डास होत नाहीत, आणि अर्थिंग तपासलेलं. विदर्भात दर उन्हाळ्यात पत्र्याच्या कुलरचा शॉक लागून माणसं मरतात, लहान मुलंही; ओल्या हाताने पाणी भरताना प्लग काढलेला असावा, एवढी साधी गोष्ट. त्यानंतर पावसाळ्यातल्या रात्रींसाठी एका खोलीत एक टनाचा पाच स्टारचा इन्व्हर्टर एसी, ज्याला परवडतो त्याला. आणि वर्षाची सरासरी महिन्याला १५०-२०० युनिटांच्या पुढे जात असेल तर सोलर. १०० च्या आत असेल आणि छत साथ देत असेल तर ‘स्मार्ट’मधला एक किलोवॉट, बचतीसाठी नव्हे, कुलर निर्धास्त चालवण्यासाठी.

अर्जाची वेळही महत्त्वाची. बहुतेक लोक मे महिन्याचं बिल हातात पडल्यावर जागे होतात. त्या वेळी बसवणाऱ्यांकडे रांग, मीटरसाठी रांग, आणि भर उन्हात गच्चीवर काम करणारी पोरं. काम घाईत होतं, नटबोल्ट ढिले राहतात आणि पहिल्या वादळात पॅनेल उचलली जातात. पावसाळा उघडल्यावर, दिवाळीच्या आगेमागे अर्ज केला तर हिवाळ्याच्या शांत दिवसांत तपासणी आणि मीटर दोन्ही होतात. मोबाइलवर आलेल्या दुव्यावरून कुणाला नोंदणीचे पैसे पाठवू नयेत. अर्ज सरकारच्या सूर्यघर संकेतस्थळावर होतो आणि बसवणारा तिथल्या नोंदणीकृत यादीतला आहे का ते तिथेच दिसतं. शेवटच्या वीजबिलावरचं नाव आणि बँक खात्यावरचं नाव एकच आहे का, हे आधी पाहावं. वडिलांच्या नावावरचं मीटर अजून वारसांच्या नावे न झालेली घरं कामठीत गल्लोगल्ली आहेत, आणि तिथे नावात बदल करून घेण्याचं काम सोलरच्या आधी करावं लागतं.